‘काटकसरीचा स्वयंपाक’ की ‘पुरवठ्याला आणलेला’?

शंका : डोरोथी पील या इंग्रज लेखिकेवर टिपण लिहितेय. त्यांचं ‘द ईट-लेस-मीट बुक’ १९१७चं, ऐन पहिल्या महायुद्धातलं. त्यातल्या स्वयंपाकाला ‘काटकसरीचा’ म्हणावं का? आणि युद्धातल्या ‘रेशन’ला मराठीत काय?

उत्तर १ : पीलबाईंच्या सगळ्याच लेखनाला ‘काटकसर’ लावू नका. युद्धाच्या बऱ्याच आधी त्यांनी माणशी आठवड्याला दहा शिलिंगांत घरखर्च भागवण्यावर पुस्तक लिहिलं. तिथे वाचवायचे होते पैसे, तेव्हा ती काटकसरच. १९१७ची गोष्ट वेगळी. ब्रिटनचा सुमारे ८० टक्के गहू बोटींनी यायचा आणि जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवत होत्या. खिशात पैसे असलेल्यांनाही पाव-मांस कमी करा म्हणून सांगावं लागत होतं. आहे ते सगळ्यांना पुरावं, यासाठी आपल्याकडे ‘पुरवून खाणं’ आहे. “साखर पुरवून वापर” म्हणताना नजर डब्यावर असते, पाकिटावर नाही. पावाच्या कणकेत उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा किंवा थोड्याशा मांसात कडधान्य घालून ते चौघांना पुरवायचं, याला माझी आजी ‘पुरवठ्याला आणणं’ म्हणायची. दुधी घातला की आमटी पुरवठ्याला येते, तसंच. मी तर हाच शब्द घेईन.

उत्तर २ : ‘टुकीने’ किंवा ‘निगुतीने’ सुचेल, पण त्यांत नेटकेपणा येतो, टंचाई येत नाही.

‘रेशन’ मात्र जपून वापरा. आपल्या डोळ्यांपुढे लगेच कार्ड आणि रांग येते. फेब्रुवारी १९१७मध्ये सरकारने ठरवलेलं माप ऐच्छिक होतं : माणशी आठवड्याला ४ पौंड पाव, अडीच पौंड मांस, पाऊण पौंड साखर. सक्ती नव्हती, आवाहन होतं. तेही बेताचंच जमलेलं. कष्टकऱ्यांचं पोट पावावर, त्यांना ४ पौंड अपुरे आणि अडीच पौंड मांस परवडणार कुणाला? पीलबाई आणि समाजसुधारक मॉड पेंबर रीव्ह्ज अन्न मंत्रालयातर्फे गृहिणींना समजावत होत्या ते याच काळात. म्हणून इथे ‘ठरवून दिलेला शिधा’ म्हणा. साखरेची सक्ती १९१८च्या सुरुवातीला आली, मांस आणि लोण्याची लंडन परिसरात २५ फेब्रुवारीपासून. तिथून पुढे ‘शिधापत्रिका’ बिनधास्त वापरा.