मदत हवी आहे: दिग्दर्शकाच्या नाटकवह्या कुठे आणि कशा जपाव्यात? (सांगली)

नमस्कार मंडळी,

माझे मामा सांगलीतले हौशी दिग्दर्शक. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकांच्या त्यांच्या वह्या आता माझ्या ताब्यात आहेत. छापील संहितेची पानं सुटी करून रजिस्टरात डकवलेली, समोरच्या कोऱ्या पानावर नेपथ्याचा आराखडा आणि बाणांनी दाखवलेल्या हालचाली. तालमीच्या नोंदी पेन्सिलीनं, प्रकाशयोजना लाल शाईत, संगीत हिरव्या. ‘शारदा’च्या वहीत तर एकाच पात्राची एंट्री आधी डाव्या विंगेतून, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. खोडलेलं सगळं वाचता येतं. खरा ऐवज तोच; छापील ‘शारदा’ काय, कुठेही मिळेल.

गंजलेल्या टाचण्या काढल्यात. पिवळ्या पडलेल्या सेलोटेपला मात्र हात लावलेला नाही, ओढली तर अक्षरं घेऊन येईल. कुणी जाणकारांकडून काढून घेतली आहे का?

मोबाईलचं स्कॅन ॲप पान काळं-पांढरं करतं आणि पेन्सिल उडते, म्हणून रंगीत टिफ (TIFF) प्रतिमाच करणार आहे. पण संवादावर चिकटवलेली चिठ्ठी मिटलेली आणि उघडलेली, अशा दोन्ही प्रतिमा घ्यायच्या ना? मग पानाचा क्रमांक कसा देता?

कॉपीराइट हक्कांचं कोडं वेगळंच. ‘शारदा’चे नाटककार गो. ब. देवल १९१६ साली गेले, त्यामुळे ‘शारदा’ मोकळी. बाकीच्या बऱ्याच नाटककारांच्या निधनाला साठ वर्षं झालेली नाहीत. नोंदी मामांच्या, पण त्याच पानावर संवाद दुसऱ्याचे. अभ्यासकाला वाचनालयात बसून पाहू देणं ठीक, नेटवर टाकायचं तर परवानगी लागेलच ना?

घरचे म्हणतात मुंबईच्या एखाद्या संस्थेला देऊन टाक. २०१९ च्या पुरात इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. तरी १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात एक संच राहावा असं वाटतं. इथली पोरं तालमीला बसताना चाळतील तरी. मूळ वह्या बाहेर, प्रती इथं, असं कुणी केलंय का? दानपत्रात काय लिहून घेतलंत? आणि संस्थेनं वही फक्त नाटककाराच्या नावावर नोंदवू नये, दिग्दर्शकाच्या नावानंही सापडावी, अशी अट मान्य होते का?

जाता जाता: वह्यांतलं ‘उ. पु.’ म्हणजे उजवीकडे पुढे, इथवर कळलं. ही उजवी नटाची की प्रेक्षकांची? आराखडे दोन्ही बाजूंनी जुळतात. इथल्या जुन्या हौशी मंडळींची पद्धत कुणाला माहीत असेल तर सांगा, फोटो टाकतो.