एक कॅलिपर जाम झाला म्हणून जोडी बदलायची का?

चाकधर

पुढचं एक चाक तापतंय, पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतोय, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलात की उत्तर ठरलेलं असतं: "कॅलिपर गेला. बदलायचेच तर दोन्ही बदला." या दोन्ही वाक्यांशी मला भांडायचंय. (कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा ब्रेकचा भाग.)

कॅलिपर गेला हे कशावरून ठरवलं? ब्रेक धरून राहण्याची कारणं निदान तीन. पॅड ढकलणारा पिस्टन अडकलेला असू शकतो, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन गंजून बसलेल्या असू शकतात, नाहीतर ब्रेकचा रबरी होस पाइप आतून फुगलेला असू शकतो. होस बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटला की दाब आत जातो आणि परत येत नाही. तपासणी दोन मिनिटांची आहे. गाडी जॅकवर, चाक अडकलेलं, ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरवरचं हवा काढायचं तोंड, जरा सैल करा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष आहे, दोष होसमध्ये किंवा त्याच्याही वर. निपल उघडूनही चाक हलत नसेल तरच कॅलिपर आणि पिनांकडे वळायचं. ही तपासणी न करता नवीन कॅलिपर बसवला, तर थोड्याच दिवसांत तोही 'जाम' होतो आणि शिव्या पार्ट बनवणाऱ्याला बसतात.

आता जोडीबद्दल. पॅड आणि डिस्क जोडीनेच बदलायच्या, त्यात वादच नाही, कारण दोन्हीकडचं घर्षण सारखं हवं. कॅलिपर मात्र घासून संपणारी वस्तू नाही. ऑइलचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ, एवढाच त्याचा हिशोब. दुसऱ्या बाजूचा पिस्टन सहज मागे जात असेल, पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर (डस्ट बूट) फाटलेलं नसेल आणि पिना बोटांनी सरकत असतील, तर तो बदलून नेमकं काय मिळतं?

आणि घ्यायचाच असेल तर निनावी नव्यापेक्षा मूळ कास्टिंगवरचा (कंपनीच्या ओतीव सांगाड्याचा), चांगल्या ठिकाणी रिकंडिशन केलेला बरा. ते कास्टिंग गाडी बनवणाऱ्याच्या मापाचं असतं. स्वस्त नव्यात पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटचं माप जरा इकडेतिकडे झालं की पॅड एकतर खडखडतात, नाहीतर अडकतात.

तेलकट_हात
*असहमत, अर्ध्याहून जास्त*

निदानाचा भाग मान्य. निपलची तपासणी सगळ्यांनी पाठ करून ठेवावी. एक भर घालतो: निपल उघडून चाक सुटलं तर निपल बंद करून पुन्हा पेडल दाबा, आणि आता होस जिथे धातूच्या नळीला जोडलाय तो जोड सैल करा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलमागे दाब तयार करणाऱ्या भागाकडे. तिथे सुटत नाही पण निपलला सुटतं, तर होस.

जोडीबाबत मात्र तुमचा हिशोब कागदावरचा आहे. पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते, हे विसरू नका. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबरी सील दाबाने थोडं मुरडतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. हे काम रबराच्या लवचिकतेवर चालतं. दोन्ही कॅलिपर एकाच वयाचे, तितकेच तापलेले, त्यांनी तेच जुनं ऑइल प्यायलेलं. एकाचं सील कडक झालं असेल तर दुसऱ्याचं ताजं कसं राहील? आज पिस्टन मागे जातोय म्हणून उद्या जाईल असं नाही. शिवाय हवा काढायचं काम एकदाच होतं. काही महिन्यांनी पुन्हा ऑइल सांडत बसण्यात काय हशील?

चाकधर

@तेलकट_हात, सीलच म्हातारं झालं असेल तर सील बदला की! त्यासाठी अख्खा लोखंडी तुकडा फेकायचा?

सुटा_भाग
*सील किटच्या बाजूने*

मला वाटलंच होतं गाडी इथे येणार. सील किटबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की कॅलिपरमध्ये पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंज दिसला की कॅलिपर बाद. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये सील भिंतीवर घासतच नाही. ते भिंतीतल्या खाचेत बसलेलं असतं आणि घासतो तो पिस्टन. म्हणून आधी पिस्टन बघायचा. त्यावरच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर नवा पिस्टन, पॉलिश पेपर मारून चालत नाही. दुसरी जागा म्हणजे सीलची खाच. तिच्या तळाशी गंज साचला की तो सीलला आतून ढकलतो आणि पिस्टन आवळला जातो. बरेचसे 'जाम' कॅलिपर याच गंजाने जाम असतात. खाच नीट साफ केली, नवं सील ब्रेक ऑइल लावून बसवलं, की काम फत्ते.

फक्त पिस्टन बाहेर काढताना कॉम्प्रेसरची हवा आणि समोर बोटं असा प्रकार नको. गाडीवर असतानाच पेडल दाबून तो पुढे आणलेला बरा.

शंकासुर

आणि खाच अर्धवट साफ झाली तर? सील किंचित तिरपं बसलं तर? माफ करा, पण ब्रेक ही हौस भागवायची जागा नाही. तुमचे हात बसलेले असतील. वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक पिनांना साधं ग्रीस फासून मोकळे होतील आणि रबर फुगवून बसतील.

सुटा_भाग

ग्रीसचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं ग्रीसच लावायचं. पेट्रोलियमचं ग्रीस त्या रबराला फुगवतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असेल तर ती तिच्याच भोकात परत जायला हवी. पण ही काळजी नवा कॅलिपर बसवतानाही घ्यावीच लागते ना? नवीन पार्ट घेतला म्हणून बसवणारा आपोआप शहाणा होत नाही.

तेलकट_हात
*रिकंडिशनबद्दल*

चाकधर शेठ, 'चांगल्या ठिकाणी' हे दोन शब्द तुमच्या वाक्यात फार मोठा भार वाहतायत. रिकंडिशन म्हणजे एका ठिकाणी नवा पिस्टन, नवी सीलं, नवं निपल आणि दाबाखाली केलेली चाचणी. दुसऱ्या ठिकाणी तेच म्हणजे वाळूचा फवारा आणि चंदेरी रंग. डब्यातून दोघंही सारखेच चमकत बाहेर येतात. मी बघतो ते असं: निपल हाताने सहज फिरतं का, ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे सरकतात तिथे खाचा पडल्यात का, आणि पिस्टन कशाचा आहे.

शेवटचं कोणी बघत नाही. काही गाड्यांना फिनॉलिकचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे पिस्टन येतात. ते गंजत नाहीत आणि उष्णता ऑइलपर्यंत कमी पोचवतात. पण जुने झाले की त्यांचे कपचे उडतात. स्टीलचा पिस्टन दणकट, पण क्रोम गेलं की गंजतो. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो, असं मला माझ्या गाडीत चालणार नाही. माझ्या जोडीच्या हट्टामागे हेही एक कारण.

चाकधर

हे कारण मान्य, पण त्यातून निष्कर्ष 'सारखाच पार्ट घ्या' असा निघतो, 'दोन घ्या' असा नाही.

मापाबद्दल मात्र सगळ्यांनीच सावध असावं. एकाच मॉडेलला, एकाच वर्षात, डिस्कच्या आकाराप्रमाणे दोन वेगळे कॅलिपर असू शकतात. मॉडेल आणि साल सांगून पार्ट मागवू नका, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. तोही जुन्यावर कोरलेल्या आकड्यांशी ताडून बघा. जुना कॅलिपर परत देऊन सूट मिळत असेल तरी नवा शेजारी ठेवून जुळवल्याशिवाय जुना हातचा सोडायचा नाही.

टॉप_गिअर_नव्हे
*मग मोठेच का लावू नयेत?*

एवीतेवी बदलायचेच आहेत, तर चार पिस्टनवाले लाल कॅलिपर का नकोत? दुप्पट पिस्टन, दुप्पट ब्रेक!

चाकधर

गणित करून बघा. फ्लोटिंग कॅलिपरचा, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या आणि एकाच बाजूला पिस्टन असलेल्याचा, पिस्टन ५४ मिमीचा धरू. व्यासाचा वर्ग २९१६. फिक्स्ड, म्हणजे न सरकणाऱ्या आणि दोन्हीकडे पिस्टन असलेल्या, कॅलिपरमध्ये समोरासमोरचे पिस्टन एकमेकांना तोलतात, म्हणून एकाच बाजूचे मोजायचे. ३८ मिमीचे दोन: १४४४ दुणे २८८८. म्हणजे चार पिस्टन लावून दाबण्याचं बळ केसभर कमीच झालं! फायदा मिळतो तो कडकपणाचा आणि पॅडवर समान दाबाचा. डिस्कही मोठी घेतली तर उष्णता सोसण्याचा. ट्रॅकवर वारंवार ब्रेक मारणाऱ्याला तो मोलाचा आहे. रोजच्या गाडीत एबीएस सुरू होईपर्यंत ब्रेक लागत असेल, तर पुढची मर्यादा टायरची असते, कॅलिपरची नाही.

उलट बाजूही आहे. ५४ ऐवजी ५७ मिमीचा पिस्टन पुढे लावला तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं. पेडल आणखी खोल जातं आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल पुढे झुकतो. रंगासाठी एवढा खटाटोप? रंग डब्यात मिळतो.

शंकासुर

:))

हा प्रतिसाद मात्र फ्रेम करून ठेवण्यासारखा.

नवखा_चालक

एक अडचण. मित्राच्या गाडीला गॅरेजने पुढचे दोन्ही कॅलिपर बसवले. हवा काढून काढून दमले, पेडल तरी स्पंजसारखं. मास्टर सिलिंडर बदला म्हणतायत.

तेलकट_हात

थांबा, काहीही बदलू नका. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या? डावा-उजवा अदलाबदल झाला तर बऱ्याच गाड्यांत तो बसतो व्यवस्थित, पण निपल खाली जातं आणि हवा वर अडकून राहते. मग कितीही ऑइल ओता. निपल जागेवर असेल तर होस कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घातलेत का ते बघा. जुनेच परत लावले असतील तर तिथे ओल दिसेल.

नवखा_चालक

निपल खाली आहे. दोन्हीकडे.

तेलकट_हात

मिळालं उत्तर. अदलाबदल करायला सांगा, आणि नंतर बंद डब्यातलं ताजं ऑइलच घाला. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५. नव्या कॅलिपरमध्ये तसलं ऑइल भरण्यात अर्थ नाही.

सुटा_भाग

मागचे कॅलिपर बदलणाऱ्यांसाठी, कारण धागा पुढच्यांवरच अडकलाय: हँडब्रेक कॅलिपरच्या आतच असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, फिरवत न्यावा लागतो. सी-क्लॅम्प (दाबायचा शिकंजा) लावून जोर कराल तर आतली यंत्रणा मोडेल. हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घाला आणि मगच हात लावा.

शंकासुर

इलेक्ट्रिकवाल्यांना सील किटचा सल्ला देणार का आता, सुटा_भाग?

सुटा_भाग

हँडब्रेकची मोटर सुटी होत असेल तर का नाही? :)