मदत हवी आहे: सुगंधी तंबाखूची रोपं वाफ्यात कधी आणि कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहते. घरामागे छोटं डेक आणि त्याला लागून दहा फुटांचा वाफा आहे. साताऱ्याच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला आईने लावलेली रातराणी होती. जूनअखेर आई-बाबा इकडे येतायत आणि रात्री डेकवर बसल्यावर आईला तसा वास यावा, अशी फार इच्छा आहे. रातराणी इथे बाहेर थंडीत तगत नाही, कुंडीतली दोन झाडं गेली. म्हणून सुगंधी तंबाखू, म्हणजे निकोटियाना, लावायचं ठरवलं.

गेल्या वर्षी नर्सरीतून फुललेली लाल-गुलाबी रोपं आणली होती. जेमतेम फूटभर उंच, दिवसभर उघडी, फुलं भरपूर. वास मात्र अजिबात नाही, रात्री नाक लावूनही नाही. यंदा पांढऱ्या फुलांच्या निकोटियाना अलाटाचं बी मागवलं. खसखशीहून बारीक. मेथीसारखं पेरून वर माती पसरली, तर वीस दिवस काहीच नाही. मग पाकीट नीट वाचलं: उगवायला उजेड लागतो, झाकू नये. दुसऱ्यांदा ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर पारदर्शक झाकण ठेवलं आणि बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले! आता मे लागला. चाळीसेक रोपं आहेत, चार-चार पानांची, पण सगळी खिडकीकडे माना लांबवून वाकलीत. पानं हाताला चिकटतात, त्यांवर चिलटंही चिकटून मेलीत. हा रोग तर नाही ना?

वाफ्यात टोमॅटो आणि मिरच्या असतात, त्यांच्याशेजारी चालेल का? आणि जुलैपर्यंत फुलेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

चिकट लव या झाडाला जन्मजातच असते, रोग नाही. माना लांबल्या कारण उजेड कमी पडतोय. दिवा असेल तर रोपांच्या जवळ आणा. आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवून सवय करा. रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या वर टिकायला लागलं, की फूटभर अंतरावर लावा. आमच्याकडे तो मुहूर्त मेच्या मध्यानंतरच लागतो, घाई करू नका.

गेल्या वर्षीची रोपं बुटकी आणि दिवसा उघडी राहणारी संकरित असणार. त्यांत बऱ्याचदा वास हरवलेला असतो. पांढरी अलाटा ऊन उतरल्यावर उमलते आणि तेव्हाच दरवळते. दुपारी फुलं मलूल दिसली तर आधी माती चाचपून बघा. ओल असेल तर पाणी घालू नका, मी तसंच घालून दोन झाडं कुजवली.

टोमॅटो-मिरचीपासून मात्र लांब. ही सगळी एकाच कुळातली, रातराणीसुद्धा त्यातलीच! तंबाखूवरचा मोझॅक विषाणू (पानांवर फिके-गडद चट्टे पाडणारा) टोमॅटोवर सहज जातो. वाळक्या तंबाखूतही तो टिकतो, म्हणून घरात कोणी तंबाखू मळत असेल तर रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसेल, शेपटाकडे लाल शिंग असलेली. ती एका रात्रीत फांदी साफ करते, हाताने वेचा. पण एखादं झाड तिला सोडा, तिचाच मोठा पतंग होतो आणि तो रात्री अशाच लांब नळीच्या फुलांतला मध प्यायला येतो.

झाडात निकोटिन असतं, लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर जपा. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर बहर लांबतो. जुलैच्या मध्यापर्यंत फुलं यायला हरकत नाही.

धागाकर्ती

किती नीट सांगितलंत, मनापासून आभार. बाबा तंबाखू मळतात, त्यांना सांगते. भाचा तीन वर्षांचा आहे, त्याच्यासाठी जाळी लावते. डेकच्या पूर्वेला लावू की पश्चिमेला?

प्रतिसाद

पूर्वेला. सकाळचं ऊन, दुपारनंतर सावली. आणि वाफ्यात लावण्यापेक्षा पाच-सहा मोठ्या कुंड्या आईंच्या खुर्चीशेजारी ठेवा.