नगरपरिषदेच्या इमारतींत विजेची बचत: आधी सौर पॅनेल की आधी छत?

निवृत्त_गुरुजी

नमस्कार. आमचे गाव मराठवाड्यातले, सुमारे तीस हजार वस्तीचे, 'क' वर्ग नगरपरिषदेचे. राज्य शासनाचे 'माझी वसुंधरा अभियान' २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. त्यात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण दिले जातात. त्यांपैकी 'अग्नी' (म्हणजे ऊर्जा) या घटकात आमच्या नगरपरिषदेला नेहमी कमी गुण पडतात, म्हणून यंदा काहीतरी ठोस करायचे ठरले आणि नागरिकांच्या समितीत मलाही बोलावले गेले.

हाती तीन इमारती आहेत. पहिली नगरपरिषदेचे कार्यालय, दुसरी दुमजली प्राथमिक शाळा (दोन्ही आरसीसी, वरचा स्लॅब उघडा), आणि तिसरी सार्वजनिक वाचनालयाची, जी जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यात भरते. शाळेत मी एकवीस वर्षे शिकवले आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून वरच्या मजल्यावरचे वर्ग दुपारी खाली व्हरांड्यात आणावे लागतात, कारण पंखे पूर्ण वेगाने फिरत असले तरी डोक्यावर गरम हवाच येते. याउलट वाचनालयात मे महिन्यातही दुपारी दोन वाजता पंख्याशिवाय वर्तमानपत्र वाचत बसता येते.

सभेपुढे आलेला प्रस्ताव असा, की कार्यालयाच्या व शाळेच्या छतावर सौर पॅनेल बसवावीत आणि 'वीज फुकटच होणार असल्यामुळे' सभागृहात व अधिकाऱ्यांच्या दालनांत वातानुकूलन यंत्रे घ्यावीत. मला हे उलट्या क्रमाने चालल्यासारखे वाटते, पण मी विज्ञानाचा नव्हे, भाषेचा शिक्षक असल्यामुळे सभेत नेमके काय मांडावे हे सुचत नाही. पैसा मर्यादित आहे. सुरुवात कोठून करावी?

मीटरमागचा_माणूस

गुरुजी, आपला संशय रास्त आहे. मी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक म्हणून काम केले आहे आणि लहान नगरपरिषदांची बिले बरीच चाळली आहेत. सौर पॅनेलला माझा विरोध नाही. पण गरज न घटवता पॅनेल बसवणे म्हणजे गळक्या टाकीसाठी मोठी मोटर घेण्यासारखे आहे.

सर्वांत आधी लेखा विभागाकडून नगरपरिषदेच्या नावावरील सर्व वीजजोडण्यांची, सगळ्यांची म्हणजे खरोखर सगळ्यांची, बारा महिन्यांची बिले मागवा. प्रत्येक बिलावर मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्याची परवानगी आहे तो आकडा) आणि वापरलेली युनिटे वाचा, आणि मोठ्या जोडण्यांच्या बिलांवर प्रत्यक्ष नोंदली गेलेली कमाल मागणी व पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते त्याचे माप) हेही पाहा. इमारत बांधताना कोणीतरी ढोबळ अंदाजाने भार मंजूर करून घेतलेला असतो आणि वर्षानुवर्षे त्यावरचा स्थिर आकार (वापर कितीही असो, द्यावीच लागणारी रक्कम) निमूटपणे भरला जातो. अर्ज करून भार कमी करून घेण्यास यंत्रसामग्रीचा खर्च शून्य असतो. हे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल, ती अशी की नगरपरिषदेचे मोठे बिल इमारतींचे नसून पाणीपुरवठ्याच्या पंपांचे आणि पथदिव्यांचे असते. तो विषय वेगळा असल्यामुळे येथे लांबवत नाही.

आता पंखे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास घेतो. शाळेत ६० पंखे धरले, दिवसाला ६ तास आणि वर्षाला २२० दिवस धरले, तर ६० गुणिले ४५ वॅट म्हणजे २.७ किलोवॅट, दिवसाला १६.२ युनिटे आणि वर्षाला सुमारे ३,५६४ युनिटे वाचतात. आपल्या बिलावरील दराने याला गुणा आणि तो आकडा सभेत फळ्यावर लिहा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झालेले असल्यामुळे खरेदीच्या अटींत 'पंचतारांकित' असे स्पष्ट लिहिता येते. ते लिहिले नाही, तर सर्वांत कमी दराची निविदा नियमाने मंजूर होते आणि पुढची दहा वर्षे त्या स्वस्त पंख्याची किंमत बिलातून चुकवावी लागते. अनुभवाने सांगतो, शाळेसाठी भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारेच मॉडेल घ्या. एका शाळेत रिमोटचे पंखे बसवले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर चौदा वर्गांत मिळून तीन रिमोट उरले होते.

कायदा आपल्या मदतीला येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची २०१७ ची आवृत्ती १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची मिळून क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या व्यापारी इमारतींपासून पुढे लागू होते. आपली तिन्ही घरे त्या रेषेच्या फार खाली आहेत. लहान गावात जे होईल ते सभेने मनावर घेतले तरच होईल.

चुना_आणि_वीट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते पंख्यांच्याही आधी छत यायला हवे. चांगल्या पंख्यानेही गरम हवाच अंगावर येणार असेल, तर मुले व्हरांड्यातच बसणार. मी वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करते.

आपल्या वाचनालयाच्या माळवदाकडे एकदा नीट पाहा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर वीतभर-हातभर पांढरी माती, शिवाय खाली दोन-अडीच फुटी भिंती. दुपारचे ऊन त्या मातीत मुरत मुरत खाली येईपर्यंत संध्याकाळ होते, आणि वरच्या सवण्यातून (छतातल्या झरोक्यातून) गरम हवा निघून जाते. शाळेचा स्लॅब पाच इंचांचा. 'इको निवास संहिता २०१८' मध्ये घरांच्या छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातील फरकाच्या दर अंशाला १.२ वॅट अशी आहे. उघडा आरसीसी स्लॅब साधारण त्याच्या तिप्पट उष्णता आत सोडतो. ती संहिता शाळेसाठी लिहिलेली नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरायला काहीच हरकत नाही. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता वरच्या वर्गात बाकावर उभे राहून स्लॅबला खालून हात लावा. सभेतल्या सदस्यांनाही लावायला सांगा. अहवालाची पन्नास पाने वाचून जे पटत नाही ते तेवढ्याने पटते.

उपाय पैशाच्या चढत्या क्रमाने सांगते. सर्वांत स्वस्त म्हणजे फेब्रुवारीअखेर छत घासून, धुऊन चुन्याचे दोन हात देणे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब मुळात तापतच कमी. दोष एवढाच, की पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो आणि धुळीने मळतो, त्यामुळे दर वर्षी द्यावा लागतो. त्याहून टिकाऊ म्हणजे चायना मोझॅक, अर्थात पांढऱ्या फरश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवणे. त्याने ढाळ आणि गळतीचे कामही बरोबरच होते, पण स्लॅबवर वजन वाढते म्हणून आधी अभियंत्याला दाखवावे. गळणाऱ्या छतावर मात्र नुसता रंग मारू नका. आधी गळती, मग रंग. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे, म्हणजे हा काही हौशी लोकांचा उद्योग राहिलेला नाही.

आणखी एक विचारते. कार्यालयाच्या सभागृहात फॉल्स सीलिंग आहे का? असल्यास त्याच्या वर जुने झरोके बुजलेले असण्याची दाट शक्यता आहे. मी पाहिलेल्या तीन कार्यालयांत आधी झरोके बंद केले, मग गुदमरायला लागले म्हणून वातानुकूलन घेतले, आणि ते परवडेना म्हणून सौर पॅनेलचा प्रस्ताव आला. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या ताट्या लावा. पडदा आतून लावला, तर ऊन काचेतून आत आलेले असते आणि पडदाच तापून शेगडीसारखा होतो.

हिशेबनीस

मी एका नगरपरिषदेत लेखा विभागात आहे (कोणत्या ते विचारू नये). वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण खरी अडचण तांत्रिक नाही. चुन्याच्या छतापुढे फीत कापता येत नाही आणि भार कमी करण्याच्या अर्जावर कोणाचे नाव कोरता येत नाही. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी पॅनेल बसले, समारंभ झाला. दीड वर्षाने इन्व्हर्टर बंद पडला, आणि देखभालीचा करार केलेलाच नसल्यामुळे दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षातून करायची यावर फाइल अजून फिरते आहे. पॅनेलवर धुळीचा एवढा थर आहे, की कोणीतरी बोटाने क्रिकेटचा धावफलक लिहून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट, शाळेने वीज वाचवली तरी तिला त्यातले काही मिळत नाही. बिल नगरपरिषद भरते, बचत सर्वसाधारण निधीत विरघळते. तेव्हा मुख्याध्यापकांनी का म्हणून दिवे बंद करत फिरावे? बचतीचा निम्मा भाग त्याच शाळेच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वापरण्याचा ठराव करून घ्या. आणि सौर घ्यायचेच असेल, तर पाच वर्षांची देखभाल व धुलाई निविदेतच घाला.

दूरदेशी_कोल्हापूरकर

मी गेली काही वर्षे ऑस्ट्रियात राहतो. हंगेरीच्या सीमेजवळ, बुर्गेनलांड प्रांतात गुसिंग नावाचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे, त्याची गोष्ट या चर्चेला जोडावीशी वाटते. १९९० साली तेथील नगरपरिषदेने खनिज इंधनापासून दूर जायचे ठरवले. लोक आता त्या गावाचे नाव लाकडापासून वायू आणि त्यापासून वीज करणाऱ्या २००१ च्या प्रकल्पामुळे घेतात, परंतु त्यांनी आरंभ केला तो सार्वजनिक इमारती आणि रस्त्यांवरचे दिवे यांतील उधळपट्टी थांबवून, आणि त्यातूनच गावाचा ऊर्जेवरचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे तो गाजलेला प्रकल्प आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला. भिंतींना आणि छतांना घातलेले उष्णतारोधक आवरण मात्र आजही आपले काम करत असणार, कारण त्याला ना इंधन लागते ना अनुदान. अर्थात त्यांची धडपड उष्णता आत ठेवण्याची आणि आपली ती बाहेर ठेवण्याची, त्यामुळे त्यांचे उपाय जसेच्या तसे उचलू नयेत. क्रम तेवढा घ्यावा.

निवृत्त_गुरुजी

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या तीन आठवड्यांत जे घडले ते कळवतो.

छताचे तापमान मोजण्यासाठी मी आरोग्य विभागाकडून करोनाकाळातले कपाळाला लावायचे यंत्र मागून आणले, पण ते स्लॅबसमोर धरल्यावर नुसती चूक दाखवत राहिले. ते केवळ शरीराच्या तापमानाएवढ्या टप्प्यासाठीच असते, हे विज्ञानाच्या बाईंनी नंतर सांगितले. शेवटी प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक आणले. वरच्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन वर्गांपैकी एकाच्या छतावर चुन्याचे दोन हात दिले आहेत, दुसऱ्याचे छत आहे तसे ठेवले आहे. सातवीची मुले दर तासाला दोन्ही आकडे वहीत लिहितात. वही पुरेशी भरल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, पण चुन्याच्या वर्गात बसण्यासाठी मधल्या सुट्टीत भांडणे होऊ लागली आहेत, एवढे नमूद करतो. सभागृहातले झरोके खरोखरच फॉल्स सीलिंगच्या वर सापडले, चारही, वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून बुजवलेले.

बिलेही मागवली. एकूण जोडण्या आमच्या अंदाजापेक्षा सहा जास्त निघाल्या. त्यांपैकी एक जुन्या जकात नाक्याची आहे. जकात बंद होऊन कित्येक वर्षे झाली, नाका पाडून तेथे बसथांबा झाला, आणि नाक्याचे बिल अजून दर महिन्याला भरले जाते. मीटर कोठे आहे, ते शोधायला लाइनमन उद्या सकाळी येणार आहे.