तीस हजार लोकांना संसद कशाला? ऑलंडवरच्या त्या पोस्टला उत्तर

खाडीकाठ
परवा इथे एक पोस्ट आली होती, फिनलंडमधल्या तुर्कूहून स्टॉकहोमला बोटीने जाताना मध्ये ऑलंड हा फिनलंडचाच स्वायत्त बेटसमूह लागतो, वस्ती जेमतेम ३० हजार, आणि तिथे ३० जणांची संसद, मंत्री, झेंडा, पोस्टाची तिकिटं सगळं वेगळं, म्हणजे फिनलंडच्या करदात्यांच्या पैशावर चाललेले लाड. दोनशे लाइक पण पडले. मला काही ते सहन झालं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

लाड नाहीत हो ते. १९१७ मध्ये रशियात झारशाही कोसळल्यावर ऑलंडच्या गावागावांचे प्रतिनिधी तिथल्याच फिनस्ट्रमला जमले आणि ठरवलं की आम्हाला स्वीडनमध्ये परत जायचंय. बहुतेक सगळ्या प्रौढ माणसांनी तशा सह्या दिल्या. फिनलंडने १९२० मध्ये स्वायत्ततेचा कायदा पुढे केला, लोकांनी तो घ्यायला नकार दिला, तर युलियुस सुन्दब्लूम आणि कार्ल ब्यर्कमन या दोन पुढाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक. मग भांडण राष्ट्रसंघात गेलं आणि जून १९२१ ला निकाल लागला की बेटं फिनलंडची, पण तिथली स्वीडिश भाषा, जमीन आणि स्थानिक कारभार यांची हमी फिनलंडने द्यायची. ९ जून १९२२ ला लागतिंगची, म्हणजे ऑलंडच्या त्या संसदेची, पहिली बैठक झाली आणि सभापती झाला तोच अटकेतला सुन्दब्लूम, १९४५ ला मरेपर्यंत तोच होता. ब्यर्कमन सरकारचा पहिला प्रमुख. ज्या माणसांना देशद्रोही म्हणून उचललं त्यांच्याच हाती दोन वर्षांत कारभार द्यावा लागला, याला लाड म्हणतात?

आणि पैशाचं म्हणाल तर आयकर गोळा करतं फिनलंडचं सरकार. त्यातून ऑलंडला कित्येक वर्षं फिनलंड सरकारच्या उत्पन्नाच्या (कर्ज सोडून) ०.४५ टक्के मिळत होते, आता थोडं वाढवलंय. लोकसंख्या देशाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त आहे. हिशोब करा.

तुर्कूकर
पोस्ट माझीच होती. इतिहास मला माहीत आहे, इथे राहतो मी. १९२१ मध्ये गरज होती हे मान्य, पण १०० वर्षांनी तीच व्यवस्था तशीच चालवायची का, हा माझा प्रश्न आहे. ३० हजार लोकांत शिक्षण, आरोग्य, पोलीस, पर्यावरण सगळ्याचे कायदे वेगळे. शिवाय खाली १६ नगरपालिका, त्यातली सोत्तुंगा शंभर माणसांची! आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये त्यापेक्षा जास्त लोक होते. बरं, गावं एकत्र करायचा कायदा याच लागतिंगने केला आणि २०१९ च्या निवडणुकीनंतर नवीन सरकारने तो गुंडाळला. एवढं साधं काम होत नाही. आणि आजार गंभीर झाला की पेशंट तुर्कूला नाहीतर स्वीडनमधल्या उप्सालाला. मग स्वतंत्र आरोग्य खातं काय कामाचं?

खाडीकाठ
गुंडाळला कारण लोकांना नको होता. निवडणुकीत तोच मुद्दा गाजला, मतं पडली, कायदा गेला. हे काम न होणं नाही, यालाच लोकशाही म्हणतात. सोत्तुंगाच्या शंभर माणसांना तिथून बोटीने भलतीकडे फेऱ्या माराव्या लागल्या असत्या, त्यांचं कोणी ऐकलं तर वाईट वाटायचं कारण काय?

देवगडकर
मला फक्त एक सांगा, तिथे बाहेरच्याला जमीन घेता येत नाही हे खरं ना? मग विषय संपला. हेच आपल्याकडे पाहिजे होतं. आमच्या गावातला कातळ न् कातळ विकला गेलाय. शेतकरी दाखला कुठून तरी आणतात, सातबाऱ्यावर नाव चढतं, आणि एक दिवस चिऱ्याचं कंपाऊंड उभं राहून पाणंद बंद. माझ्या आजोळची पायवाट अशी गेली, ग्रामसभेत ठराव झाला, त्या ठरावाला काडीची किंमत नाही. २०२३ ला बारसूत रिफायनरीविरोधात बायाबापड्या रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांच्या जागी ऑलंडवाले असते तर सभागृहात बसून नाही म्हणाले असते. तुम्ही ०.४५ टक्क्यांवर भांडताय.

तुर्कूकर
आलं कोकण! धागा कशावर आहे?

देवगडकर
यावरच आहे. सभागृह कशाला हवं असतं मग? जमीन वाचवायला नाही तर तिकिटं छापायला?

रानमेवा
देवगडकर, विकली कोणी पण? घाटावरच्यांनी येऊन हिसकावली का? माझ्या सख्ख्या काकांनी बहिणींना न विचारता सौदा केला, आत्यांच्या सह्या कशा मिळवल्या ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पैसे ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये गेले. आणि आता गणपतीला येऊन तेच काका सगळ्यांपुढे परप्रांतीयांच्या नावाने बोटं मोडतात. कायदा काय करणार याला?

देवगडकर
काय करणार म्हणजे? असा कायदा असता तर काकांना गिऱ्हाईकच मिळालं नसतं. तुमच्या घरातली भांडणं अख्ख्या कोकणावर लादू नका.

रानमेवा
लादत नाहीये, झालेलं सांगतेय. आणि आवाज खाली.

मारिएहामवासी
मी इथे ऑलंडमध्येच राहते, मारिएहामला, नवरा बोटीवर आहे (तोही रत्नागिरीचा, दर्यावर्दी घराणं), म्हणून राहवलं नाही. तुम्ही सगळे ज्या हक्काचं कौतुक करताय तो हेम्बिग्सरेत, म्हणजे इथला रहिवासी हक्क. तो असेल तरच लागतिंगला मत, निवडणुकीला उभं राहता येतं, धंदा करायला आणि जमीन घ्यायला आडकाठी नाही. ज्याच्या आईकडे किंवा वडिलांकडे तो आहे त्याला जन्माने मिळतो. बाहेरून आलेल्याला फिनलंडचं नागरिकत्व पाहिजे, सलग ५ वर्षं वास्तव्य पाहिजे आणि कामापुरतं स्वीडिश.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लागतिंग आणि नगरपालिका दोन्हींचं मतदान एकाच दिवशी होतं, तसंच असतं इथे. पालिकेला मला मत होतं. लागतिंगला नाही. शेजारची बाई माझ्यासोबत आलेली, तिने दोन मतं दिली, मी एक. माझा मुलगा ज्या शाळेत जातो तिचा कायदा लागतिंग करतं, दवाखान्याचा लागतिंग करतं. कर मी सगळ्यांसारखाच भरते. तेव्हा लोकांचं सभागृह, लोकांचं सभागृह म्हणताना कुठले लोक तेही बोला.

आणि देवगडकर, एक विचारते. इथला नियम असा आहे की बेटाबाहेर ५ वर्षं राहिलात की हा हक्क जातो. जन्माने मिळालेलाही. तुम्ही मुंबईत किती वर्षं आहात?

देवगडकर
कांदिवलीत आहे, पोटासाठी. म्हणून मी गावचा नाही का? माझं घर आहे तिकडे, कुळ आहे, देवाचा मान आहे.

मारिएहामवासी
थेट वारसाने आलेली जमीन राहील तुमच्याकडे, तेवढी सवलत आहे. पण मत जाईल, आणि नवीन तुकडा घ्यायला सरकारची परवानगी मागावी लागेल. अख्ख्या कोकणाला लावा हा नियम, चाकरमान्यांतले किती उरतील सांगा.

रानमेवा
👏 काकांना पाठवते हे.

देवगडकर
ठीक आहे, ती ५ वर्षांची अट आपल्याकडे चालणार नाही. बाकीचं चालेल. आणि निदान विचारायला सभागृह तरी असेल, आत्ता कोणाला विचारायचं ते सांगा.

खाडीकाठ
मारिएहामवासी, तुमचा राग कळतो, पण ती अट काढली तर काय उरतं? ५६ लाखांच्या देशात ऑलंडची माणसं ३० हजार, त्यातली बहुतेक स्वीडिश बोलणारी. तुर्कू-हेलसिंकीहून पैसेवाले आले, किनाऱ्याच्या जागा घेतल्या, मत मिळालं, की वीस-तीस वर्षांत लागतिंगमध्ये भाषा बदलेल. राष्ट्रसंघाच्या निकालात जमीन आणि मत एकत्र बांधलंय ते याचसाठी.

मारिएहामवासी
मी किनाऱ्याची जागा घ्यायला नाही आलेय. स्वीडिशच्या क्लासला जातेय, मुलगा घरात माझ्या चुका काढतो एवढं त्याचं चांगलं झालंय. भाषेची अट ठेवा, वास्तव्याची ठेवा. नागरिकत्वाची कशाला? ते तर लागतिंगच्या हातातही नाही. हेलसिंकीने २०२४ मध्ये नागरिकत्वाची सर्वसाधारण अट ५ वरून ८ वर्षांवर नेली. म्हणजे ऑलंडच्या सभागृहाला कोण मत देणार हे हेलसिंकीतून ठरतंय, आणि तुम्ही त्याला स्वायत्तता म्हणताय.

तुर्कूकर
हेच म्हणतोय मी कधीपासून, अधिकार अर्धे आणि थाट पूर्ण. स्नूसचं, म्हणजे ओठाखाली ठेवायच्या स्वीडिश तंबाखूचं, प्रकरण आठवा. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने फिनलंडला दोषी धरलं, कारण ऑलंडने स्नूसच्या विक्रीवरची बंदी आपल्या कायद्यात आणली नव्हती. नियम मोडणार हे, कोर्टात उभं राहणार हेलसिंकी.

खाडीकाठ
ते पूर्ण सांगा की. तो नियम ज्या युरोपीय संसदेत झाला तिथे ऑलंडची एकही राखीव जागा नाही. फिनलंडच्या २०० खासदारांत एक ऑलंडचा, ब्रसेल्सला तेवढाही नाही. कायदा लागू, जागा शून्य. तरी शेवटी बदलला त्यांनी कायदा. तुम्ही याला थाट म्हणता, मला तर अधिकार कमी पडतात असं दिसतं. आपल्या लक्षद्वीपकडे बघा, २०११ च्या जनगणनेत ६४ हजार लोक, ऑलंडच्या दुप्पट, आणि विधानसभा नाही. २०२१ मध्ये प्रशासकाने नवे मसुदे आणले तेव्हा लोकांना घराघरात उपास करून निषेध करावा लागला, ठराव करायला सभागृह कुठे होतं?

तुर्कूकर
लक्षद्वीपचं मान्य. तिथे सभागृह हवं, यावर मी भांडणार नाही. ऑलंडला ३० जण लागतात हे अजून पटलेलं नाही, १५ मध्ये भागेल, आणि १६ पालिकांचं काहीही सांगितलंत तरी पटणार नाही. पण या बाई कर भरून मतदार नाहीत, हे मला आधी माहीत असतं तर पोस्ट त्यावर लिहिली असती.

मारिएहामवासी
मग आता लिहा. पण "संसद बंद करा" असं नका लिहू. मला ती बंद नकोय, मला तिथे मत पाहिजे. पुढची निवडणूक ऑक्टोबर २०२७ ला आहे.

देवगडकर
आणि कोकणाचं?

रानमेवा
वेगळा धागा काढा. मी येते तिथे भांडायला.