पुस्तक पूर्ण करताना आणि पोहोचवताना तुमच्यासोबत कोण होतं? नाशिककर लिहिणाऱ्यांचे अनुभव

नाशिकमध्ये लिहिणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. कुसुमाग्रजांचं हे गाव, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय इथलं, व्याख्यानं आणि काव्यवाचनं वर्षभर चालूच असतात. तरी कित्येकांची हस्तलिखितं कपाटात अर्धवट पडून आहेत आणि कित्येकांची छापून आलेली पुस्तकं पलंगाखालच्या खोक्यांत. म्हणून हा धागा. तुमचं पुस्तक पूर्ण व्हायला किंवा वाचकापर्यंत जायला दुसऱ्या लिहिणाऱ्या माणसाने काय केलं, तेवढं लिहा. ‘सर्वांचं सहकार्य लाभलं’ असं मोघम नको. कोणी प्रुफं तपासली, कोणी करार वाचून दिला, कोणी खोकी उचलली, ते हवं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. मी कथा लिहिते, माझी मैत्रीण विज्ञानावर लिहिते. पहाटे आम्ही एकमेकींना फोन लावून स्पीकरवर ठेवतो आणि आपापल्या घरी लिहायला बसतो. बोलायचं नाही. तिच्या कीबोर्डचा आवाज येत असला की मला उठून गॅसपाशी जाववत नाही. माझा संग्रह पूर्ण झाला तो या सवयीमुळे. आता तुम्ही लिहा.

निफाड तालुका, शेतकरी

माझी कादंबरी लासलगावच्या मार्केटातल्या एका हमालाची. उन्हाळ कांदा काढणीला आला की वहीला हात लागत नाही आणि नंतर पुन्हा सूर सापडत नाही. सिन्नरच्या एक निवृत्त शिक्षिका माझी प्रकरणं वाचायच्या, त्या स्वतः ललित लिहितात. ‘किती झालं, कधी संपणार’ असं त्यांनी कधीच विचारलं नाही. फोन करायच्या आणि म्हणायच्या, “काय हो भाऊ, त्याला मुकादमाने परत कामावर घेतलं का?” मला उत्तर द्यावं लागायचं. फोनवर जे सांगायचो तेच रात्री कागदावर उतरायचं.

वाचतानाही त्यांची पद्धत साधी. जिथे अडखळल्या तिथे समासात पेन्सिलने ‘इथे थांबले’ एवढंच लिहायच्या. का थांबल्या ते माझं मी शोधायचं. लिलावाच्या प्रसंगात अशा खुणाच खुणा होत्या. ट्रॅक्टर रांगेत लागल्यापासून वजनकाट्यापर्यंतचं सगळं मला पाठ, पण ज्याने लिलाव पाहिलेला नाही त्याला काय दिसणार? मग मी सगळं मांडलं. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपुढून दुसऱ्या ट्रॉलीपुढे सरकतो, मूठभर कांदा हातात घेऊन पाहतो, भाव पुकारतात, आणि त्या चार-दोन क्षणांत शेतकऱ्याच्या अख्ख्या हंगामाचा निकाल लागतो. वाचक आज फोन करतात ते याच प्रसंगासाठी. बाईंचं नाव मी अर्पणपत्रिकेत टाकलंय, पण त्याने फेड होत नाही.

रविवार कारंजा, डीटीपी करणारा कवी

माझा अनुभव अगदी यंत्रातला आहे, पण लिहितो. डेमी आकाराच्या पुस्तकाचा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा, १६ पानांचा असतो. मित्राची कादंबरी १६४ पानांवर आली. म्हणजे दहा फॉर्मे भरून चार पानं वर, आणि त्या चारांसाठी अकरावा फॉर्मा. खर्च परवडेना म्हणून तो एक अख्खा प्रसंग कापायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. आम्ही रात्री बसून अशी पानं शोधली जिथे प्रकरणाच्या शेवटच्या एक-दोन ओळीच नव्या पानावर सांडल्या होत्या. त्या प्रकरणांत कुठे एखादा शब्द कमी केला, कुठे परिच्छेद जोडले, ओळी मागे आल्या. पुस्तक १६० वर बसलं आणि प्रसंग वाचला.

दुसरं प्रुफांचं. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतल्या फाइली आजच्या युनिकोडमध्ये नेल्या की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ तुटतो. तिथे माणूसच लागतो, आणि तोही लेखक सोडून दुसरा. लेखकाला आपलं वाक्य पाठ असतं, चुकलेलं अक्षरही त्याला बरोबर दिसतं. आम्ही मित्र प्रुफांची अदलाबदल करतो. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद झाला की मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम काढतो. १९६२ चे १४, नंतर १९७२ चे ४. वाद तिथे मिटतो. बहुतेक वेळा.

कॉलेज रोड, अनुवादक

प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं कलम होतं, आणि ‘सगळ्यांना हाच करार असतो’ असं मला सांगितलं गेलं. इथल्या एक वकील आहेत, कथाही लिहितात. त्यांनी तो करार ओळ न् ओळ वाचला. एक पैसा घेतला नाही. त्यांनी समजावलेलं सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून देते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, मात्र करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या.

ते कलम बदलायला नकार मिळाला. पुस्तक दुसरीकडून आलं आणि माझे हक्क माझ्याकडे आहेत.

सुरगाणा, शिक्षक

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. मला ती नाशिकच्या एका नाटककार दादांनी कळवली. आमच्याकडे रेंजचे वांधे, म्हणून हस्तलिखित टंकित करून घेण्यापासून अर्जापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. माझ्या कविता त्यांना आवडायच्याच असं नाही. तरी केलं.

पंचवटी, बालगीतं लिहिणारी

२०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून एक गाळा घेतला. नियम ठरवला की आपलं पुस्तक आपण विकायचं नाही, शेजारच्याचं विकायचं. त्यासाठी आधी एकमेकांची पुस्तकं वाचावी लागली, हा खरा फायदा. एक आजोबा नातवासाठी काहीतरी शोधत होते. शेजारी बसलेल्या गझल लिहिणाऱ्या भाऊंनी माझं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि त्यातलं एक गाणं चालीवर, टाळ्या वाजवत म्हणून दाखवलं. चाल त्यांची स्वतःची होती! आजोबांनी दोन प्रती घेतल्या. माझ्या गाण्याला माझ्यादेखत कोणी चाल लावली, हे मला विक्रीपेक्षा मोठं वाटलं.

देवळाली कॅम्प, प्रवासवर्णनं

दोन कामाच्या गोष्टी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. आणि परगावी पुस्तकं पाठवताना टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट वापरा. मे २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये होते. खेड्यातल्या वाचनालयाला पाठवताना आम्ही तिघींची पुस्तकं एकाच पाकिटात घालतो. ज्या वाचनालयाने एकीचं मागवलं, तिथे तिघी पोहोचतो.

गंगापूर रोड, परीक्षणं लिहिणारा

सगळ्यांचं वाचलं, मनापासून पटलं. तरी एक सांगतो. मदत आणि परीक्षण वेगळं ठेवा. ज्याच्या पुस्तकाला माझा हात लागला आहे त्यावर मी छापून काही लिहीत नाही. तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो, हे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ वाचकाला कळतं, आणि मग तो चांगल्या पुस्तकाच्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा छापण्याआधी, खासगीत, स्पष्ट बोला. एका मित्राला मी निम्म्या कविता काढायला सांगितलं. बरेच दिवस अबोला होता. संग्रह शेवटी पातळ होऊन आला, आणि चांगला आला.

रविवार कारंजा, डीटीपी करणारा कवी

सर, तत्त्व मान्य. पण तालुक्याच्या गावातून आलेल्या पुस्तकावर मित्रांनी दोन शब्द लिहिले नाहीत तर लिहिणार कोण? ‘हा माझा मित्र आहे’ असं पहिल्याच ओळीत सांगून लिहावं, असं मला वाटतं.

गंगापूर रोड, परीक्षणं लिहिणारा

पहिल्या ओळीत सांगणार असाल तर माझी हरकत नाही.

नाशिकरोड, अजून पुस्तक नाही

माझे वडील नोटप्रेसमध्ये होते. कामाबद्दल ते घरात एक अक्षर बोलायचे नाहीत, आणि त्या न बोलण्यासकट मला ते लिहायचे आहेत. बरीचशी प्रकरणं झाली आहेत, शेवटची होत नाहीत. मी कुठल्या मंडळात नाही, ओळखी नाहीत. घरच्यांना वाचायला दिलं की ते रडतात, त्यातून लेखनाबद्दल काही कळत नाही. वरच्या निफाडच्या दादांची वाचली तशी कोणी माझी पानं वाचेल का?

देवळाली कॅम्प, प्रवासवर्णनं

ताई, मी वाचते. माझे सासरे प्रेसमध्येच होते, त्यामुळे तपशिलात कुठे गडबड वाटली तर विचारीन. बाकी जिथे अडखळले तिथे खूण करीन, सुधारून देणार नाही. छापील प्रत द्या, समास रुंद ठेवा, पानांना क्रमांक घाला. रविवारी सकाळी मुक्तिधामपाशी येता का? न झालेल्या प्रकरणांची टिपणंही आणा.