खाण्यावरचा ताबा सुटतो: सोलापुरात कोणाकडे जावे?

प्रश्न: माझी थोरली बहीण दिवसभर उपाशी राहते आणि रात्री सगळे झोपल्यावर डब्यातली कडक भाकरी व शेंगाचटणी पोट दुखेपर्यंत खात राहते. घरचे तिलाच बोल लावतात, याचे फार वाईट वाटते. सोलापुरात कोणाकडे जावे?

उत्तर: हा हावरेपणा नव्हे. असा ताबा आठवड्यातून किमान एकदा, सलग 3 महिने सुटत असेल, तर तो बिंज ईटिंग हा आजार असू शकतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा, आणि शक्यतो आपण स्वतः सोबत राहा.

उत्तर: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते. थायरॉईड व साखर तपासून घ्यावी. कडक डाएट मात्र नको, कारण दिवसभराच्या उपासानेच रात्रीची भूक अनावर होते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारी ओपीडीत तिच्यासोबत मीच जाईन.